सुईण असलेल्या आईविषयी लिहिताना

पेडणे तालुक्यातील एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे. त्यातला आवश्यक तेवढा भाग, ओळख पटेल असे तपशील गाळून, येथे देत आहे.

"माझी आई गेल्या वर्षी वारली. गोवा मुक्त झाल्यानंतर काही वर्षांनी ती आरोग्य खात्यात प्रसाविका म्हणून लागली आणि निवृत्त होईपर्यंत पेडण्याच्या किनाऱ्याकडील गावांतच राहिली. आधी तिने घरोघरी जाऊन बाळंतपणे केली, पुढे अडलेल्या बायकांना वेळेत इस्पितळात पोचवणे हेच तिचे मुख्य काम झाले. निवृत्तीनंतरही रात्री दारावर थाप पडली की ती अंथरुणात उठून बसत असे. मे महिन्यात मुंबईची मंडळी गावी येतात, तेव्हा तिच्या वर्षश्राद्धानंतर देवळाच्या सभामंडपात तिच्या आठवणींचा कार्यक्रम करायचे गावाने ठरवले आहे. त्या वेळी एक लहानशी पुस्तिका निघणार आहे आणि तिच्यातला मुख्य लेख मी लिहायचा आहे.

दादा म्हणतो, 'आई साऱ्या गावाची आई होती, एवढे लिही, म्हणजे सगळे आले.' मला ते वाक्य लिहवत नाही. ती साऱ्या गावाची आई होती तेव्हा आम्ही भावंडे बाबांच्या हातची पेज जेवून झोपत होतो. माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या रात्री म्हापशाच्या इस्पितळात माझ्याजवळ सासूबाई होत्या. आई नव्हती, कारण त्याच रात्री गावातल्या एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली, तिने नातीला पाहिले, माझी नाडी पाहिली आणि संध्याकाळच्या बसने परत गेली. मी तिला त्याबद्दल कधी विचारले नाही. हे मनात ठेवून स्तुती लिहिली तर ती खोटी होईल, आणि हेच लिहिले तर गेलेल्या आईवर फिर्याद केल्यासारखे होईल.

दुसरी गोष्ट म्हणजे तिच्या पेटीत दोन वह्या सापडल्या आहेत. त्यांत तिने केलेल्या बाळंतपणांच्या नोंदी आहेत. बाईचे नाव, घर, वेळ, बाळाचे वजन असे सारे त्यांत आहे, काही ठिकाणी नुसती फुली आहे, तर काही ठिकाणी एखादे वाक्य आहे. त्या पानांचे फोटो पुस्तिकेत छापावेत, आपापला जन्म त्यांत शोधायला लोकांना आवडेल, असे गावातल्या तरुण मुलांचे म्हणणे आहे. बाबा ८४ वर्षांचे आहेत आणि या सगळ्यावर ते काहीच बोलत नाहीत. मी काय करावे?"

भगिनी, सप्रेम नमस्कार.

लेख तुम्हीच लिहावा असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ज्या वाक्यापाशी तुमची लेखणी अडली आहे ते वाक्य त्यात नसावे असेही मला वाटते. ते म्हणणाऱ्यांच्या मनातल्या कृतज्ञतेविषयी मला मुळीच शंका नाही. पण 'साऱ्या गावाची आई' असे लिहून झाले की वाचणाऱ्याला पुढे काही जाणून घ्यावेसे वाटत नाही. आईपण आपोआप येते, त्याला शिक्षण किंवा सराव लागत नाही आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागत नाही, असे आपण सारेच धरून चालतो. तुमच्या आईंचे काम मात्र शिकून घेतलेले, वर्षानुवर्षांच्या सरावाने राखलेले आणि किंमत मोजून केलेले होते. त्या कामाचे वर्णन करा. ते नीट उतरले तर स्तुती वेगळी करावी लागणार नाही, आणि त्यासाठी तुमच्या घराने काय दिले हे सांगितले तर त्याला कोणी फिर्याद म्हणणार नाही, कारण तो त्याच हकिकतीचा भाग असेल.

हे वर्णन करण्याला आणखी एक निकडीचे कारण आहे. सभामंडपात जी तरुण मंडळी बसतील त्यांच्यापैकी बहुतेकांनी घरात झालेले बाळंतपण पाहिलेले नसेल, कारण आज गोव्यात जवळजवळ सर्व बाळंतपणे इस्पितळांत होतात. पणजीला १८४२ पासून वैद्यकशिक्षण देणारी शाळा होती, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. तरीही पेडणे, सत्तरी, काणकोण अशा तालुक्यांतील खेड्यांत त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे मुले जन्माला येत राहिली ती घरातल्या अंधाऱ्या खोलीत, गावच्या वृद्ध सुईणीच्या हातावर. मुक्तीनंतर आरोग्य केंद्रे आणि त्यांच्या हाताखालची उपकेंद्रे गावोगावी पोचू लागली, आणि शिक्षण घेऊन आलेल्या तरुण स्त्रिया हातात पेटी घेऊन दारोदार फिरू लागल्या. त्यांच्यावर लोकांनी पहिल्याच दिवशी विश्वास ठेवला असेल असे समजू नका. तो विश्वास तुमच्या आईंनी कोणत्या घरापासून मिळवला, कोणी त्यांना पहिल्यांदा आत घेतले आणि कोणी दारातून परत पाठवले, याची माहिती गावातल्या सत्तरीच्या पुढच्या बायकांकडे नक्की असेल. ती आज मिळवली नाही तर पुढे कोणी सांगणारे उरणार नाही.

लेखाच्या गाभ्यासाठी एका रात्रीचे वर्णन निवडा. थाप पडल्यापासून त्या घरी परत येईपर्यंत त्यांनी काय काय केले हे क्रमाने लिहा, आणि साध्यातले साधे काम वगळू नका. त्या घरात शिरल्यावर त्यांनी आधी पाणी उकळायला सांगितले असेल, बांगड्या काढून कोपरापर्यंत हात धुतले असतील. वाचकाला ही बाब किरकोळ वाटेल, म्हणून तिथे दोन ओळी जास्त लिहायला हरकत नाही. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात एकोणिसाव्या शतकात बाळंतिणींचे दोन विभाग होते, एक वैद्यकीचे विद्यार्थी पाहत आणि दुसरा सुईणी पाहत. पहिल्या विभागात तापाने कितीतरी अधिक बाळंतिणी मरत. शवविच्छेदन करून आलेल्या हातांनीच हा रोग बाळंतिणींपर्यंत जातो हे सेमेलवाइस या डॉक्टरांनी ताडले आणि १८४७ मध्ये क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली, तेव्हा मृत्यू झपाट्याने घटले. त्यांच्या हयातीत पुष्कळ मोठ्या डॉक्टरांनी ते मानले नाही. तुमच्या आईंनी पेडण्याच्या एखाद्या मांगरात कंदिलाच्या उजेडात साबणाने घासून हात धुतले, तेव्हा त्या मागे एवढा इतिहास उभा होता.

त्यानंतरचे काम हातांचे आणि कानांचे असते. पोटावर दोन्ही हात ठेवून मुलाचे डोके कोठे आहे, पाठ कोणत्या बाजूला आहे, मूल आडवे आहे की पायाळू, हे चाचपून ओळखावे लागते. कर्ण्यासारखी नळी पोटाला लावून बाळाचे ठोके मोजावे लागतात. ते मिनिटाला साधारण ११० ते १६० असावेत, कळ ओसरल्यावरही मंदच राहिले तर मूल गुदमरत आहे असे समजावे. मग वाट पाहणे येते. सुईणीच्या कामाचा मोठा भाग वाट पाहण्यात जातो. बाईला धीर देत, तिला उगाच जोर करू न देता, घरातल्या घाबरलेल्या माणसांना कामाला लावत ती तासन्‌तास बसून राहते, आणि हे बसणे बाहेरून पाहणाऱ्याला काहीच न करण्यासारखे दिसते. मला स्वतःला हाच भाग लेखात सर्वांत सविस्तर यावा असे वाटते. आई रात्रभर बाहेर असे हे तुम्हाला ठाऊक आहे. ती रात्र कशात जात असे हे मात्र तुम्ही लहानपणी पाहिलेले नाही, आणि लिहिण्याच्या निमित्ताने ते तुमच्याही समोर येईल.

मूल बाहेर आले म्हणजे काम संपत नाही, उलट बाळंतिणीच्या जिवाला खरा धोका तेव्हाच सुरू होतो. वार पडण्याची वाट पाहताना घाईने नाळ ओढली तर अनर्थ होऊ शकतो. वार पूर्ण आली की तिचा तुकडा आत राहिला, हे ती पसरून तपासावे लागते. प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटरहून अधिक रक्त गेले तर त्याला अतिरक्तस्राव म्हणतात, आणि तो थांबला नाही तर धडधाकट बाई दोन-तीन तासांत हातची जाऊ शकते. म्हणून बाई मोकळी झाल्यावरही सुईण तिच्या पोटावर हात ठेवून बसलेली असते, गर्भाशय घट्ट झाले की सैल पडत आहे ते पाहत असते. त्याच वेळी बाळाला कोरडे करून उबेत ठेवायचे, स्वच्छ पात्याने नाळ कापून स्वच्छ दोऱ्याने बांधायची, तिच्यावर राख किंवा शेण लावू द्यायचे नाही, आणि पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्यायला लावायचे. पहिले घट्ट पिवळसर दूध काढून टाकण्याची रीत घराघरांत होती. ते दूध बाळाला मिळावे म्हणून तुमच्या आईंनी किती सासवांशी वाद घातले असतील, ते त्या सासवांच्या सुनांना विचारा. नाळेच्या स्वच्छतेचे महत्त्व सांगायचे तर एकच गोष्ट पुरेशी आहे. नवजात बाळांचा धनुर्वात हा एके काळी आपल्या देशात हजारो मुले नेणारा रोग होता, आणि गरोदरपणातील लसीमुळे व स्वच्छ पात्यामुळे तो इतका कमी झाला की २०१५ मध्ये माता व नवजात धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. हे काम दिल्लीत बसून झालेले नाही.

सुईणीच्या शहाणपणाची खरी परीक्षा मात्र ज्या बाळंतपणाला तिने हात लावला नाही त्यात होते. पायांवर सूज, डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, रक्तदाब चढलेला, अशी बाई झटके येण्याच्या वाटेवर असते, आणि तिला घरी ठेवण्याचा आग्रह कितीही झाला तरी तिला पुढे पाठवले पाहिजे हे वेळेत ओळखणे, आणि घरातल्या कर्त्या पुरुषाला रात्री दोन वाजता ते पटवणे, याला धाडस लागते. तुमच्या भागात तर त्यापुढे नदी होती. शिवोली-चोपडे पूल झाला नव्हता तेव्हा शापोरा नदी फेरीबोटीने ओलांडायची किंवा कोलवाळच्या बाजूने वळसा घेऊन म्हापशाला आझिलो इस्पितळात जायचे. तेथूनही पुढे न्यायची वेळ आली तर मांडवी आडवी येत असे. ५ जुलै १९८६ रोजी, भर पावसात, मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, आणि त्यानंतर काही वर्षे बार्देश-पेडण्याच्या लोकांना पणजी गाठण्यासाठी पुन्हा फेरीवर अवलंबून राहावे लागले. त्या दिवसांत कळा देणाऱ्या बाईला घेऊन बेतीच्या धक्क्यावर थांबणे म्हणजे काय असेल, हे तुमच्या लेखाने आजच्या वाचकाला कळू द्यावे. फेरीवर काम केलेली माणसे, त्या काळी टॅक्सी किंवा जीप चालवणारे गावातले चालक अजून असतील, तर त्यांच्याकडे आधी जा. आरोग्य केंद्रातील सहकाऱ्यांपेक्षाही त्यांना त्या रात्री अधिक आठवत असतील.

आकडे फार घालू नका, पण एक आकडा जरूर द्या. भारतात २००१ ते २००३ या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे ३०१ मातांचा मृत्यू होत होता, आणि २०१८ ते २०२० या काळात तो आकडा ९७ वर आला. याचे श्रेय एका व्यक्तीला देता येत नाही आणि तुमच्या आईंनाही ते आवडले नसते. तरी हा आकडा ज्या हातांनी खाली आणला त्यांत उपकेंद्रावरच्या प्रसाविकेचे हात सर्वांत पुढे होते, आणि तिचे नाव कोठल्याही फलकावर नसते, इतके तुम्ही ठामपणे लिहू शकता.

माणसांना भेटाल तेव्हा 'आई कशी होती?' असे विचारू नका. त्याला सगळे एकच उत्तर देतील आणि ते दादांच्या वाक्यासारखेच असेल. त्या घरात शिरल्यावर त्या पहिल्यांदा काय बोलल्या, कोणावर रागावल्या, काय खाल्ले, पैसे देऊ केले तेव्हा काय म्हणाल्या, परत जाताना कोण सोबतीला आले, असे विचारा. बोलणाऱ्या बाईची परवानगी घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि तिला मध्येच तोडू नका. तुम्ही शिक्षिका असल्यामुळे वाक्य दुरुस्त करण्याचा मोह होईल, तो आवरा. तिने कोकणीत सांगितले तर तिचे दोन-तीन उद्गार कोकणीतच ठेवा, आपल्या वाचकाला ते समजायला अडचण नाही. आईंची सेवापुस्तिका आणि बदल्यांचे आदेश घरात असतील तर त्यांवरून वर्षे तपासून घ्या, कारण माणसांना प्रसंग अचूक आठवतात, साल मात्र चुकते.

दोन विषय लोक स्वतःहून काढणार नाहीत, ते तुम्हाला काढावे लागतील. पहिला त्यांच्या आधीच्या सुईणीचा. गावात पूर्वी जी वृद्ध वैजीण होती तिचे नाव आज कोणी घेत नसेल, कारण शिकलेली नर्स आल्यावर तिला अडाणी ठरवणे सोपे झाले. तिच्या काही रीती घातक होत्या हे खरे आहे, पण पायाळू मूल हाताने कसे सोडवायचे किंवा घाबरलेल्या पहिलटकरणीला कसे बोलते ठेवायचे हे तिला येत होते. तुमच्या आईंनी तिच्याशी भांडण केले, तिला बाजूला सारले की तिला सोबत घेतले? सरकारनेही पुढे अशा सुईणींना प्रशिक्षण देऊन स्वच्छ बाळंतपणाचे साहित्य दिले होते. तुमच्या आईंविषयीच्या लेखात त्या बाईला एक परिच्छेद मिळाला तर लेख उणा होणार नाही. दुसरा विषय सोयराचा. बाळंतपणाचे काम विटाळाचे मानले जात असल्यामुळे ज्या घरात रात्री जीव वाचवायला बोलावले जाई त्याच घरात नंतर ओसरीवर थांबवले जाणे, वेगळ्या भांड्यातून पाणी मिळणे, हे आपल्या भागात घडत होते. तुमच्या आईंच्या वाट्याला असे काही आले असल्यास ते लिहा, घराचे नाव घेऊ नका, पण झाले नाही असे दाखवू नका. ज्या मंडपात कार्यक्रम होणार आहे तेथे ते वाचले जाईल याची मला कल्पना आहे आणि म्हणूनच ते वाचले जावे असे मला वाटते.

आता तुमच्या घराविषयी.

बाबांच्या हातच्या पेजेचा उल्लेख तुम्ही तक्रारीच्या वाक्यात केला आहे. तो लेखात तसाच घ्या, पण त्याला अधिक जागा द्या. ज्या काळात पुरुषाने चुलीपुढे बसणे गावाला मान्य नव्हते त्या काळात रोज संध्याकाळी दोन मुलांना जेवू घालून, त्यांचा अभ्यास घेऊन झोपवणारा माणूस त्या घरात होता, म्हणून आईंना दारावरची थाप ऐकल्याबरोबर निघता येत होते. त्यांच्या कामाचा अर्धा भार बाबांनी वाहिला आहे आणि त्याबद्दल त्यांचा सत्कार कोणी केलेला नाही. तुम्ही भावंडांनीही तो वाहिला, तेही तुम्हाला कोणी न विचारता. मूल म्हणून तुम्हाला आई हवी होती आणि ती मिळाली नाही. हे दुःख लहान नाही आणि गावातल्या बायकांचे प्राण वाचले म्हणून ते नाहीसेही होत नाही. एका बाजूला वाचलेले जीव आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या रात्री ठेवून हिशेब मिटवण्याचा प्रयत्न लेखात करू नका. 'आता मला तिचे कळले' अशा अर्थाचे वाक्य शेवटी घालण्याचा मोह होईल. ते तुम्हाला आतून खरे वाटत असेल तरच लिहा, एरवी नाही.

तुमच्या स्वतःच्या बाळंतपणाच्या रात्रीबद्दल मी आईंचे समर्थन करणार नाही. त्या वेळी दुसरी कोणी प्रसाविका मिळण्यासारखी होती का, ती बाई खरोखरच अडली होती का, मुलीजवळ इस्पितळात डॉक्टर आहेत आणि येथे कोणी नाही असा विचार त्यांनी केला का, याची उत्तरे देणारे माणूस आता नाही, आणि मी किंवा तुम्ही ती त्यांच्या वतीने तयार केली तर ती आपली उत्तरे होतील. एक गोष्ट मात्र तुमच्याच पत्रात आहे. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी तुमची नाडी पाहिली, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांनी तुम्हाला जवळ घेतले नाही, काही बोलल्या नाहीत, असे तुम्हाला त्यातून सुचवायचे असावे, आणि ते तसे झालेही असेल. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवशी नाडी पाहणारी सुईण रक्तस्राव आणि ताप शोधत असते, ही माहिती तुम्हाला असावी म्हणून देते. तिचा अर्थ काय लावायचा हे मी सांगणार नाही. तो प्रसंग लेखात यावा की नाही याचा निर्णयही सर्वस्वी तुमचा आहे. आला तर पत्रात लिहिला आहे तेवढ्याच, त्याच चार वाक्यांत येऊ द्या. त्यात भर घालण्याची गरज नाही.

त्या रात्री गावात मोकळी झालेली बाई कोण, हे वह्यांवरून तुम्हाला कळले असेल किंवा कळू शकेल. तिच्याकडे या विषयासाठी जाऊ नका. तिने काही हिरावून घेतलेले नाही, आणि तुमच्या दुःखाचे देणे तिच्या किंवा तिच्या मुलाच्या माथी येणे योग्य होणार नाही.

वह्यांविषयी मी अगदी निक्षून सांगते की त्यांतले एकही पान छापू नये. तरुणांचा हेतू चांगला आहे, तरी त्यांना त्या वह्यांत काय असते याची कल्पना नाही. सुईणीच्या वहीत लग्नाआधीचे दिवस असतात, नवरा परदेशी बोटीवर असतानाचे दिवस असतात, मेलेले जन्मलेले मूल असते, ज्याच्याविषयी त्या घरात पुढे कोणी अवाक्षर काढलेले नसते. गर्भपाताच्या नोंदींना तर १९७१ च्या कायद्याने आणि त्याखालील नियमांनी गुप्तताच घालून दिली आहे. नावे खोडून छापू, असे कोणी सुचवील. लहान गावात तारीख आणि वाडा एवढे दिसले तरी बाई ओळखता येते. ज्या बायकांनी आपल्या आयुष्यातली सर्वांत उघडी वेळ तुमच्या आईंच्या समोर काढली त्यांनी ती त्या एकट्या व्यक्तीच्या भरवशावर काढली, आणि तो भरवसा वारशाने तुमच्याकडे आला आहे. फुल्यांचा अर्थ लावून तो कोणाला सांगू नका, दादांनासुद्धा.

मग वह्यांचा उपयोग नाही का? आहे, आणि तो तुम्हीच एकट्याने बसून करायचा आहे. एकूण किती बाळंतपणे झाली, त्यांपैकी पावसाळ्यात किती, रात्री किती, कितींना पुढे पाठवावे लागले, अडीच किलोच्या आतली बाळे किती, एवढी मोजदाद नावांशिवाय काढता येते आणि ती लेखात छापावी. वर्षागणिक घरची बाळंतपणे घटत जाऊन पुढे पाठवलेल्यांची संख्या वाढत गेलेली दिसेल, आणि त्या एका सारणीत तुमच्या गावाचा मोठा बदल वाचता येईल. पत्रिकेसाठी जन्मवेळ विचारायला कोणी आलेच, तर त्याच्या आईच्या परवानगीने आणि ती हयात असल्यास तिच्या देखत त्याचीच नोंद वाचून दाखवा, वही हातात देऊ नका. सरकारी जन्मनोंद १९६९ च्या कायद्याखाली स्वतंत्रपणे होतेच, त्यामुळे कोणाचे कागदोपत्री काम या वहीवाचून अडणार नाही. पानांचे फोटो आधीच कोणी मोबाइलवर काढले असतील तर आजच जाऊन ते पुसायला लावा. वह्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आपल्या दमट हवेत पाने चिकटतात. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, भिंतीपासून दूर, कोरड्या कपाटात ठेवा आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहत जा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तुमच्यानंतर त्यांचे काय करायचे हे आताच लिहून ठेवा. माझ्या मते त्या जाळूही नयेत. पुढच्या दोन पिढ्या त्या कोणाला न दाखवता जपाव्यात आणि त्यानंतर त्या पणजीच्या पुराभिलेख खात्याला देण्याचा विचार घरातल्या मंडळींनी करावा.

दादांना दुखवू नका. ते ते वाक्य आग्रहाने म्हणतात यामागे कदाचित त्यांचेही तुमच्यासारखेच काही असेल, आणि ते त्यांनी त्या वाक्याखाली झाकून ठेवले असेल. त्यांना मंडपात पाच मिनिटे बोलायला द्या, तेथे त्यांनी ते वाक्य म्हणावे, त्यांच्या तोंडी ते शोभेल. लेख मात्र तुमच्या नावाने आणि तुमच्या शब्दांत छापा.

बाबा बोलत नाहीत म्हणून त्यांना वगळून लेख पुरा करू नका. कच्चा लेख तयार झाला की तो त्यांना मोठ्याने, सावकाश, एखाद्या दुपारी कोणी नसताना वाचून दाखवा. चुलीचा आणि पेजेचा परिच्छेद गाळ असे ते म्हणाले, तर तो गाळा. आपल्या घराविषयीचे काय चारचौघांत जावे हे ठरवण्याचा हक्क आईंच्या पश्चात सर्वांआधी त्यांचा आहे. तारीख, घर, माणूस यांत काही चुकले असेल तर तेच सांगतील, कारण थाप पडल्यावर दार उघडायला पुष्कळदा तेच उठले असतील. छपाईला किमान तीन आठवडे लागतात हे धरून हे वाचन एप्रिलच्या सुरुवातीलाच उरकून घ्यावे.